सुताराच्या हाती पडणारं रेव्हिट

पुण्यातल्या बहुतेक क्लासांमध्ये रेव्हिटची, म्हणजे इमारतीचं थ्री-डी मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गाडी एकाच वाटेने जाते. लेव्हल, ग्रिड, कॉलम, भिंती, जिना, छप्पर, आणि शेवटी एक दुमजली बंगला रेंडर करून (त्याचं खऱ्यासारखं चित्र काढून) सर्टिफिकेट. घरांचं इंटिरिअर करणाऱ्याला यातलं छप्पर कधी लागत नाही, जिना लागलाच तर एखाद्या डुप्लेक्समध्ये. त्याच्यासमोर असतो वाकड नाहीतर मोशीचा नवा २ बीएचके, किंवा कोथरूडमधला तीस वर्षं वापरलेला फ्लॅट. इमारत आधीच उभी आहे. काम आहे आतलं: ओटा आणि ट्रॉल्या, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग, विजेचे पॉइंट, टाइल. म्हणून शिकायचा क्रमही वेगळा हवा. आधी साइटचं मोजमाप मॉडेलमध्ये आणणं, मग कपाटाची फॅमिली (मापं बदलता येणारा घटक), मग शेड्यूल (मॉडेलमधून निघणारा नग-मापांचा तक्ता), आणि रेंडर अगदी शेवटी. हा क्रम उलटा करणारे छान चित्रं काढतात, पण सुतार साइटवरून फोन करून विचारतो, "साहेब, फळी किती घेऊ?", तेव्हा मॉडेलमधून उत्तर निघत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं, हा वाद थोडक्यात संपवू. रेव्हिट २००० साली आलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. ते फक्त विंडोजवर चालतं. मॅक असेल तर आर्चिकॅड बघा, ते दोन्हीकडे चालतं. स्केचअपमध्ये भिंत म्हणजे नुसते पृष्ठभाग. रेव्हिटमध्ये भिंत ही भिंतच असते, तिला थर असतात, तिच्यात दार बसवलं की भोक आपोआप पडतं. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून एक वर्षाचा, दरवर्षी वाढवता येणारा फुकट परवाना मिळतो, पण त्यावर धंद्याचं काम करायचं नसतं. आणि एक खबरदारी पहिल्या दिवसापासून: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि मागे नेण्याची सोयही नाही. बरोबर काम करणारा आर्किटेक्ट कोणत्या वर्षाची आवृत्ती वापरतो ते विचारूनच फाइल सुरू करावी.

ओळंबा, गुण्या आणि सूत

बिल्डरने दिलेला ऑटोकॅडचा प्लॅन इम्पोर्ट करू नका, लिंक करा (बाहेरची फाइल नुसती जोडा), आणि तोही फक्त चालू व्ह्यूपुरता. इम्पोर्ट करून एक्सप्लोड केला की शेकडो लाइन स्टाइल, फॉन्ट आणि पॅटर्न फाइलमध्ये घुसतात आणि ते काढता काढता जीव जातो. लिंक केल्यावरही तो फक्त संदर्भ समजायचा. त्यातली मापं बऱ्याचदा गिलाव्याआधीची असतात आणि खोली राहते गिलाव्यानंतरच्या मापात.

प्रत्येक भिंतीची लांबी तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि स्लॅबखाली. दोन्ही कर्ण घ्या. ३००० बाय ३६०० मिमीची खोली गुण्यात (काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण ४६८६ भरतात. एक ४६९५ आणि दुसरा ४६७७ आला तर कोपरा गुण्यात नाही. बीमची खोली, खिडकीच्या सिलची उंची, दाराच्या चौकटीपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर, बाथरूममधला फ्लोअर ट्रॅप, एसीच्या पाइपचं भोक, प्रत्येक स्विचबोर्डचं केंद्र. यातलं चौकटीपासून कोपऱ्याचं अंतर सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि दारामागे वॉर्डरोब बसणार की नाही हे तेच ठरवतं.

आता वाकडी भिंत मॉडेलमध्ये वाकडीच काढायची का? नको. भिंत अक्षापासून थोडीशीच तिरकी असली की रेव्हिट इशारा देतं, डायमेन्शन दशांशात जातात आणि पुढची प्रत्येक गोष्ट किंचित चुकत राहते. भिंती गुण्यात काढा आणि खोलीची रुंदी तीन मापांतली सर्वांत कमी धरा. भिंत ते भिंत वॉर्डरोब असेल तर दोन्ही बाजूंना २०-२५ मिमीची फिलर पट्टी सोडा. वाकडेपणा त्या पट्टीत जिरतो, सुतार ती साइटवर रंधून बसवतो.

भिंत काढताना लोकेशन लाइन (भिंत ज्या रेषेवरून मोजली जाते ती) 'फिनिश फेस इंटिरिअर' ठेवा, कारण टेप आतूनच लागलेला असतो. डीफॉल्ट मध्यरेषा ठेवली तर भिंतीची जाडी बदलली की खोली आक्रसते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काढत गेलात तर बाहेरची बाजू बाहेर राहते, उलटी आली तर स्पेसबार दाबून फिरवा.

भिंतींचे टाइप नावावरून ओळखू यावेत. जुन्या इमारतीत बाहेर ९ इंची आणि आत साडेचार इंची वीटकाम, म्हणजे २३० आणि ११५ मिमी. नंतरच्या इमारतींत ब्लॉकच्या ६ इंची आणि ४ इंची. नव्या टॉवरमध्ये मायवान (अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतण्याची पद्धत) असेल तर जवळपास सगळ्या भिंती आरसीसी. या तिसऱ्या प्रकाराला प्लॅनमध्ये सॉलिड भराव देऊन वेगळा रंग द्या. आरसीसी भिंतीत झिरी मारून वायर नेता येत नाही, आणि स्विचबोर्ड "जरा दीड फूट डावीकडे" सरकवण्याची मागणी आली की ते प्लॅनवरच दिसायला हवं. भिंत पाडायची गोष्ट तर दूरच राहिली.

प्रोजेक्ट युनिट मिमी ठेवा आणि राउंडिंग १ मिमीवर. कोणीतरी ते ५ वर नेऊन ठेवतं, आकडे गोल दिसतात आणि बेरीज जुळत नाही. सुतार मात्र इंच आणि सुतात बोलतो: १ इंच म्हणजे ८ सूत, १ सूत म्हणजे ३.१७५ मिमी. यासाठी हाताने रूपांतर करत बसू नका. डायमेन्शनच्या टाइप प्रॉपर्टीमध्ये 'अल्टरनेट युनिट्स' आहे. ते 'खाली' असं निवडा, फॉरमॅट फूट-इंच अपूर्णांकात आणि अचूकता १/८ इंच. मग प्रत्येक मापाखाली सुतासकट फूट-इंच आपोआप छापलं जातं. क्लासमध्ये हे क्वचितच दाखवतात, आणि साइटवरचे निम्मे फोन याने थांबतात.

घरमालक एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्या मॉडेलमध्ये कार्पेट एरिया करारनाम्यापेक्षा कमी का? २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेटच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंती मोजल्या जातात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती मोजल्या जात नाहीत. रेव्हिटचा रूम एरिया भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतच मोजतो. खोल्यांची बेरीज आतल्या भिंतींच्या जागेइतकी कमी भरणारच, त्यात बिल्डरने फसवलं असं नाही. (फसवलं असेल तर ते वेगळं मोजावं लागेल.)

जुन्या फ्लॅटसाठी फेज (कामाचे टप्पे) शिकणं भाग आहे. जे आहे ते 'एक्झिस्टिंग', जे करायचं ते 'न्यू'. पाडायच्या भिंतीवर हातोडीचं टूल फिरवलं की पाडकामाचा प्लॅन फेज फिल्टर बदलून मिळतो, वेगळा काढावा लागत नाही. दार पाडलं की रेव्हिट ते भोक स्वतःच भिंतीने भरतं. पण ते जुन्याच भिंतीच्या टाइपने भरतं, म्हणजे साडेचार इंची विटेत आपण ब्लॉक भरणार असू तर तो टाइप बदलावा लागतो, नाहीतर मटेरियलचा हिशोब विटेत दाखवला जातो. आणि रूम फेजनुसार असतात: 'एक्झिस्टिंग'मध्ये ठेवलेल्या रूम 'न्यू'च्या व्ह्यूमध्ये दिसत नाहीत, तिथे पुन्हा ठेवाव्या लागतात. रूमचे टॅग गायब झाले म्हणून लोक अर्धा दिवस शोधत बसतात, ते यामुळे.

वॉर्डरोब

शिकण्याचा खरा वेळ इथे घाला. एक वॉर्डरोबची फॅमिली स्वतः पहिल्यापासून बनवता आली की ट्रॉलीचं युनिट, शू-रॅक, टीव्ही युनिट, देवघर, सगळं त्याच हाताने होतं.

पहिला निर्णय कॅटेगरीचा, आणि तो जवळजवळ सगळे चुकवतात. कपाट हे फर्निचर आहे म्हणून 'फर्निचर' कॅटेगरी निवडली जाते. रेव्हिटमध्ये फर्निचर कापलं जात नाही. सेक्शन (उभा छेद) त्यातून नेला तरी आतली प्लायची जाडी, फळ्या, ड्रॉवर काहीही कापून दिसत नाही, अख्खं कपाट बाहेरून दिसतं. 'केसवर्क' कापलं जातं. म्हणून कपाट, ट्रॉली, लॉफ्ट, जे जे प्लायमधून कापून बनतं ते केसवर्कमध्ये. सोफा, पलंग, खुर्ची फर्निचरमध्ये. चुकीच्या कॅटेगरीत बनलं असेल तर फॅमिली एडिटरमध्ये कॅटेगरी बदलता येते, सगळं फेकायची गरज नाही.

दुसरा निर्णय टेम्प्लेटचा. भिंतीला चिकटणारी 'वॉल बेस्ड' फॅमिली मोहक वाटते, कपाट भिंतीबरोबर सरकतं. पण आर्किटेक्टची फाइल लिंक करून त्यावर काम करायची वेळ आली की लिंकमधल्या भिंतीवर ती बसतच नाही. जमिनीवर उभं राहणारं काहीही साध्या, कशालाही न चिकटणाऱ्या केसवर्क टेम्प्लेटमध्ये बनवा. टेम्प्लेट कशाला चिकटतं हे नंतर बदलता येत नाही.

मग बनवायचा क्रम. आधी रेफरन्स प्लेन, म्हणजे मापं धरायची आधाराची प्रतलं: डावी, उजवी, मागची, पुढची, वरची. त्यांना डायमेन्शन. डायमेन्शनला पॅरामीटरचं लेबल: रुंदी, खोली, उंची. आता रुंदी १८०० ची १५०० करून, ९०० करून, परत १८०० करून बघा. प्लेन नीट सरकतात का? सरकत असतील तरच पहिली फळी काढा, आणि तिच्या कडा रेफरन्स प्लेनला लॉक करा. फळी फळीला लॉक करू नका. 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड' हा इशारा दहापैकी नऊ वेळा याच आळसातून येतो: एकच कड दोन ठिकाणी बांधली गेलेली असते आणि दोघं तिला दोन दिशांना ओढतात. प्रत्येक दोन-तीन फळ्यांनंतर पुन्हा मापं हलवून बघा. शेवटी एकदम बघितलं तर कोणती गाठ चुकली ते सापडत नाही.

रुंदी, उंची इन्स्टन्स (प्रत्येक कपाटाला वेगळी) ठेवायची की टाइप (त्या प्रकाराच्या सगळ्या कपाटांना एकच)? घराघरात भिंत वेगळी असते, म्हणून रुंदी आणि उंची इन्स्टन्स. प्लायची जाडी, लॅमिनेटची जाडी, फिलर हे टाइप. किचनमध्ये मात्र उलट: ट्रॉलीची युनिटं ४५०, ६००, ९०० अशी ठरलेली असतील तर रुंदी टाइपमध्ये ठेवा, म्हणजे कोणी ओढून ४६७ करणार नाही. पुण्यात अजूनही पुष्कळ ओटे कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर असतात. तिथे ट्रॉलीचं माप कंपनी ठरवत नाही, दोन कडप्प्यांमधला गाळा ठरवतो, आणि दोन गाळे कधी सारखे निघत नाहीत. अशा ओट्याला इन्स्टन्सशिवाय पर्याय नाही. प्रत्येक गाळा वर, मध्ये, खाली मोजून सर्वांत कमी आकडा घ्या.

फॉर्म्युल्यात कसब आहे. शटरची (कपाटाच्या दारांची) संख्या सुताराच्या नियमाने बांधा: रुंदी भागिले ४५० मिमी, आणि त्यावर राउंडअप. १८०० ला ४ शटर येतात, १८५० ला ५. शटरची रुंदी म्हणजे रुंदीतून फटी वजा करून शटरच्या संख्येने भागणं. १८०० मधून एकूण ८ मिमी फटी काढल्या तर एक शटर ४४८.

आणि ही लॅमिनेटची जागा, जिथे चांगली चांगली मॉडेलं तोंडावर आपटतात. १८०० च्या कपाटात दोन बाजू आणि एक मधला उभा, तिन्ही १८ मिमी. प्रत्येक गाळा (१८०० − ५४) ÷ २, म्हणजे ८७३. ड्रॉवर ज्यावर सरकतो तो टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला साधारण १२.७ मिमी खातो, म्हणून ड्रॉवरचा डबा गाळ्यापेक्षा २६ मिमी कमी: ८४७. कागदावर चोख. साइटवर मात्र गाळ्याच्या दोन्ही आतल्या बाजूंना ०.८ मिमीचं लायनर लॅमिनेट चिकटतं आणि गाळा ८७१.४ उरतो. डबा ८४७ अधिक दोन चॅनेल २५.४, बेरीज ८७२.४. एका मिलिमीटरने ड्रॉवर जात नाही. सुतार मग डबा रंधतो किंवा चॅनेल ठोकून बसवतो, आणि तीन महिन्यांत ड्रॉवर घासायला लागतो. दोष सुताराचा नसतो. फॅमिलीत लायनरची जाडी वेगळा पॅरामीटर करा आणि डब्याचा फॉर्म्युला लायनर वजा केलेल्या गाळ्यावर लावा, म्हणजे डबा ८४५ येतो. शटरही १८ नसतं: १८ प्लाय, बाहेर १ मिमी लॅमिनेट, आत ०.८, मिळून २० च्या आसपास. कपाट ६०० खोल असेल तर शटरसकट ६२० बाहेर येतं. खिडकीच्या कडेला, पडद्याच्या पेल्मेटजवळ हे २० मिमी आडवे येतात.

शटरमागे ड्रॉवर असेल तर बिजागरीच्या बाजूला एक पट्टी देऊन ड्रॉवर आत घ्या. शटर पूर्ण उघडल्यावरही थोडं तोंडाशी राहतं आणि ड्रॉवर त्यावर आदळतो. मॉडेलमध्ये शटर उघडं दाखवणारा एक अंशाचा पॅरामीटर टाकला तर हे आधीच दिसतं. बाकी शो म्हणून शटर उघडझाप करणं निरर्थक आहे.

प्लॅनमध्ये लॉफ्ट का गोंधळ घालतो तेही समजून घ्या. प्लॅन १२०० मिमीवर कापलेला असतो. त्याच्या वरचं एरवी दिसत नाही, पण केसवर्क, खिडक्या आणि जेनेरिक मॉडेल यांना अपवाद आहे: ती कट प्लेनच्या वर असली तरी, व्ह्यू रेंजच्या (प्लॅनमध्ये धरलेल्या उंचीच्या) वरच्या मर्यादेखाली थोडी जरी आली तरी वरून बघितल्यासारखी दिसतात. म्हणून केसवर्कमधला लॉफ्ट २१०० वर सुरू होऊनही प्लॅनमध्ये ठळक रेषेत उमटतो आणि खालचं कपाट झाकून टाकतो. तोच लॉफ्ट फर्निचरमध्ये बनवला असता तर अजिबातच दिसला नसता. उपाय फॅमिलीतच: लॉफ्टच्या सॉलिडला व्हिजिबिलिटी सेटिंगमध्ये प्लॅनसाठी बंद करा आणि त्या जागी तुटक सिम्बॉलिक रेषा काढा. ओट्यावरच्या वॉल युनिटलाही हेच.

किती शीट?

इथे मॉडेलिंगचा पैसा वसूल होतो, आणि फसायलाही इथेच होतं. मघाचंच कपाट घ्या: १८०० रुंद, २१०० उंच, ६०० खोल. २१०० × ६०० च्या दोन बाजू, १७६४ × ६०० चे वर-खाली दोन तुकडे, २०६४ × ६०० चा मधला उभा, ८७३ × ५६० च्या तीन फळ्या, ४४८ × २१०० ची चार शटर. मटेरियल टेकऑफमध्ये (मालाच्या तक्त्यात) १८ मिमी प्लायचं घनफळ येतं जवळपास ०.२ घनमीटर.

क्षेत्रफळासाठी शेड्यूलमध्ये कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टाका: घनफळ भागिले १८ मिमी. 'मिमी' लिहिलंच पाहिजे, नुसतं १८ लिहिलं तर रेव्हिट युनिट जुळत नाहीत म्हणून अडतं. उत्तर ११.१ चौरस मीटर. ८ बाय ४ ची शीट २४४० × १२२०, म्हणजे २.९८ चौरस मीटर. भागाकार ३.७३. बरेचजण इथे थांबतात, १० टक्के वेस्टेज धरून आलेलं ४.१ सोडून देतात आणि ४ शीट सांगतात.

आता तेच कटिंगला बसवा. पहिल्या शीटमध्ये दोन बाजू. दुसऱ्यात वर-खालचे तुकडे, आणि शेवटच्या ६७६ मिमीच्या पट्ट्यात आडवी एक फळी. तिसऱ्यात मधला उभा आणि त्याच्या शेजारी उरलेल्या दोन फळ्या. चार शटरना दोन शीट, कारण १२२० मध्ये ४४८ ची दोनच बसतात आणि ३२० ची पट्टी उरते. झाली ५ शीट, तीही कसून मांडणी केली तर. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ४ आणलेल्या माणसाला पाचवीसाठी टेम्पो परत पाठवावा लागतो, आणि पाचवी त्याच लॉटची मिळेलच असं नाही. म्हणून रेव्हिटच्या घनफळावरून ऑर्डर द्यायची नाही. त्याच्या शेड्यूलमधून प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी, नग काढायचे, ते एक्सेलमध्ये न्यायचे आणि कटिंगची मांडणी करायची. त्यासाठी प्रत्येक फळी ही 'शेअर्ड' नेस्टेड फॅमिली (कपाटाच्या फॅमिलीत बसवलेली, पण वेगळी मोजली जाणारी) हवी. शेअर्ड नसेल तर शेड्यूलमध्ये अख्खं कपाट एकच ओळ म्हणून येतं.

फळीच ६२० खोल करायचं भूत याच हिशोबात उतरतं. बाजूची फळी ६०० असेल तर १२२० मध्ये दोन निघतात, करवतीची जाडी जाऊनही. ६१० केली की दोन ६१० म्हणजे पूर्ण १२२०, करवतीला जागा नाही, एकच निघते. कपडे जास्त छान टांगले जातील म्हणून २० मिमी वाढवायला सांगणाऱ्या घरमालकाला हा आकडा दाखवा.

ठोकळ्याचं मॉडेल करून, म्हणजे आत पोकळी न ठेवता, घनफळ काढण्यात तर काहीच अर्थ नाही. असा ठोकळा पहिल्या भेटीतल्या लेआउटपुरता चालतो. दोन वेगळ्या फॅमिली ठेवा, एक ठोकळा आणि एक पूर्ण, आणि पसंती झाली की बदला.

वर आणि भिंतीवर

फॉल्स सीलिंगची उंची लेव्हलपासून सीलिंगच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत मोजली जाते, थर वर चढतात. म्हणजे २६०० टाकलं की डोक्यावर २६०० च राहतं, १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड त्याच्या वर. लॉफ्टचं शटर २७०० पर्यंत आणि सीलिंग २६०० वर, अशी टक्कर कागदावरच्या टू-डी प्लॅनमध्ये लपते. मॉडेलमधला एक सेक्शन ती लगेच उघडी पाडतो. कपाटापुढे सीलिंग थांबवायचं की लॉफ्ट खाली घ्यायचा, हा निर्णय पीओपीवाला फ्रेम ठोकायच्या आधी व्हायला हवा.

पंख्याची फॅमिली करताना १२०० मिमी व्यासाचं वर्तुळ सीलिंग प्लॅनमध्ये दिसेल असं ठेवा. दिवा पात्यांच्या वर आला की पंखा सुरू असताना खोलीभर उजेड लुकलुकतो. वर्तुळ दिसत असलं की दिवे आपोआप बाहेर ठेवले जातात. हुकाची जागा साइटवरून मोजलेलीच घ्या, खोलीच्या मध्यावर असते असं गृहीत धरू नका.

विजेचे पॉइंट फेस-बेस्ड (कोणत्याही पृष्ठभागावर बसणाऱ्या) फॅमिलीत करा, ते लिंकमधल्या भिंतीवरही बसतात. उंची बोर्डाच्या मध्यापर्यंत: मुख्य बोर्ड १२००, पलंगाशेजारी ६०० ते ७००, ओट्यावरचे ११०० च्या आसपास, कारण ओटा ८५० ला संपतो आणि मिक्सरची पिन काढायला हात जायला हवा. ६ आणि १६ अँपिअर वेगळे टाइप ठेवा. शेड्यूल खोलीनुसार गटात लावलं की इलेक्ट्रिशियनचं कोटेशन तपासायला दहा मिनिटं लागतात.

बाथरूमच्या टाइलसाठी 'पेंट' टूल सोपं आहे आणि क्षेत्रफळही देतं, पण जाडी देत नाही. टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून २० मिमीच्या आसपास जातात, दोन्ही बाजूंनी ४०, आणि शॉवर पार्टिशनची काच तेवढ्याने चुकते. २० मिमीची वेगळी पातळ भिंत लावा, मूळ भिंतीला जॉइन करा म्हणजे दार-खिडकीचं भोक तिच्यातही पडेल, आणि तिचं 'रूम बाउंडिंग' काढून टाका. टाइलचा पॅटर्न 'मॉडेल' प्रकारचा हवा, 'ड्राफ्टिंग' नको. मॉडेल पॅटर्नची रेषा टॅबने पकडून अलाइन करता येते, म्हणजे पहिली अख्खी टाइल कुठून सुरू होते ते ठरवता येतं. ६०० × १२०० ची टाइल आडवी लावून २१०० उंचीपर्यंत नेली तर साडेतीन ओळी होतात आणि वर अर्धी ओळ कापावी लागते. २४०० पर्यंत, सीलिंगला भिडवून चार ओळी केल्या तर कापकाम वाचतं. २४०० च्या भिंतीला दोन टाइल नेमक्या बसतात, १५०० च्या भिंतीला एक अख्खी आणि ३०० चा तुकडा. तो तुकडा दारामागच्या कोपऱ्यात ढकलायचा.

राहिलं रेंडर. मॉडेल इथपर्यंत नीट आलं असेल तर एन्स्केप किंवा ट्विनमोशन या रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये बाकीचं दोन दिवसांचं काम आहे. लॅमिनेटच्या चित्राला खरं माप द्या, १२२० × २४४०, नाहीतर लाकडाची रेघ खांबाएवढी दिसते. प्रोजेक्टचं ठिकाण पुणे करा आणि ट्रू नॉर्थ होकायंत्राने बघून फिरवा. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हे मे-जूनमध्ये खरं नाही, आणि पडद्याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. वास्तू विचारणाऱ्या घरमालकालाही ईशान्य कोपरा याच नॉर्थवरून दाखवता येतो. इंटरनेटवरून उतरवलेला नक्षीदार सोफा टाकण्यापूर्वी त्याची फाइल केवढी आहे ते बघा. मेशमधून (हजारो बारीक त्रिकोणांच्या मॉडेलमधून) आणलेला एक सोफा अख्ख्या फ्लॅटपेक्षा जड निघू शकतो. १६ जीबी रॅमवर असे तीन सोफे आले की मशीन रडायला लागतं.

रोज दोन तास दिले तर मोजमाप आणि भिंतींना एक आठवडा, फेज आणि व्ह्यूंना एक, फॅमिलीला तीन, शेड्यूलला एक, सीलिंग-वीज-टाइलला एक, ड्रॉइंगच्या शीटला आणि रेंडरला एक. सराव स्वतः राहता त्या घरावर करा. मॉडेल चुकलं तर टेप घेऊन उठायला दोन पावलंच लागतात.

सुताराला द्यायची शीट ए-३ वर, एलिव्हेशन आणि सेक्शन १:२० मध्ये, ड्रॉवर आणि फिलरचा तपशील १:५ मध्ये, प्रत्येक शटरवर लॅमिनेटचा कोड आणि रेघेची दिशा दाखवणारा बाण. बाण नसेल तर चारपैकी एक शटर आडव्या रेघेचं निघतंच. छापताना 'फिट टू पेज' बंद, झूम १०० टक्के. कागद हातात आला की पट्टी लावा: २१०० चं कपाट १:२० मध्ये बरोबर १०५ मिमी भरलं पाहिजे. १०१ भरलं तर कागद फाडून टाका, कारण सुतारही पट्टी लावतोच.